बारा गावचं इंग्लिश

नळ खोकला.

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातला नळ आधी दोनदा खोकला, मग त्यानं घसा खाकरला आणि एखादा म्हातारा गवई आवाज लावतो तसा लांबलचक सूर काढून तो गप्प झाला. पाणी काही आलं नाही. पल्लवीनं हातातला कणकेचा गोळा तसाच धरून नळाकडं पाहिलं. सकाळपासून तिच्याशी आपणहून बोललेला तो पहिलाच. सासूबाई हरणाबाई शेळीला घेऊन माळावर गेल्या होत्या, पाच वर्षांची प्रांजल शाळेत होती, आणि नवरा सूरज केरळात, त्रिशूरला.

विट्याच्या अलीकडं माळावर जी वस्ती दिसते, तिला सोनमाळ म्हणतात. नावावरून कुणी खणायला जाऊ नये, खाली नुसता मुरूम आहे. इथली माणसं गलाईच्या धंद्यातली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. आता एका गावात जुनं सोनं असून असून किती असणार? म्हणून माणसं देशभर पांगली. कुणी लुधियाना, कुणी सेलम, कुणी आसनसोल. तिकडं भट्टीच्या वरच्या पोटमाळ्यावर झोपायचं आणि इकडं गावाला बंगला बांधायचा. बंगला असा, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. त्या बोटाला पुसायला मात्र घरात माणूस नाही. जत्रेचे आठ दिवस रोषणाई, मग वर्षभर कुलूप.

त्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या पल्लवीकडं. संध्याकाळी ती एकेक घर उघडायची, खिडक्या ढकलायची, नळ सोडून गंजलेलं पाणी जाऊ द्यायची, देवापुढं दिवा लावायची आणि त्याचा फोटो 'सोनमाळ परिवार' नावाच्या ग्रुपवर टाकायची. की लगेच खाली जोडलेल्या हातांची रांग. रोज इतकी माणसं हात जोडतात आणि बोलत कुणीच नाही. देवाला कसं वाटत असेल, ते पल्लवीला हळूहळू कळायला लागलं होतं.

तर अशा त्या दिवशी प्रांजल शाळेतून आली ती दप्तर दारातच टाकून.

"आई, मला गॅदरिंगला इंग्लिश भाषण दिलंय! माय फादर!"

पाठोपाठ मॅडमचा मेसेजही आला. 'डियर मम्मी, प्रोनाउन्सेशनवर लक्ष द्या.' आणि खाली पाच ओळींचं भाषण. माय फादर इज माय हीरो. ही इज व्हेरी लव्हिंग. ही टेक्स मी टू स्कूल. ही वर्क्स हार्ड एव्हरी डे. आय लव्ह माय फादर. त्यातल्या 'लव्हिंग'चं स्पेलिंग शाळेनंच 'लिव्हिंग' केलं होतं, म्हणजे वडील अगदी ठणठणीत जिवंत आहेत. पल्लवीनं ते गुपचूप सुधारून घेतलं. शाळेच्या चुका सांगायला गेलं, की शाळा आपल्या फीची आठवण करून देते.

हरणाबाईंनी शेळी बांधली आणि भाषणाचा अर्थ सांग म्हणाल्या. पल्लवीनं सांगितला.

"शाळंत नेतो? सूरज?" हरणाबाईंनी पदर सावरला. "कवा नेला गं त्यानं? त्याला शाळा कुनीकडं तोंड करून हाय ते तरी ठावं हाय का?"

"आत्ती, ते भाषण आहे. सगळ्यांना सारखंच देतात."

"मग सगळ्यांचंच खोटं. कुनाचा बा हाय हितं न्यायला?"



खरी अडचण वेगळीच होती. पल्लवी सांगलीची, बी. ए. झालेली. इंग्रजी वाचायला येई, लिहायला येई. पण कॉलेजात सरांनी इंग्रजी शिकवलं तेही मराठीतून, त्यामुळं ते तोंडात कधी गेलंच नव्हतं. लग्नाच्या पैठणीसारखं घडी घालून ठेवलेलं. आता मोठ्यानं म्हणायची वेळ आली तेव्हा 'फादर'चा फ ओठांतून फुंकर मारून काढायचा की दात लावून, इथूनच सुरुवात. तिनं फुंकर मारली. प्रांजलनं इतक्या जोरात मारली, की देवापुढचा दिवा विझला.

मग तिला एक युक्ती सुचली. युक्ती अशी साधी होती, की तिच्यात काही घोळ होईल असं कुणाला वाटलं नसतं. सूरजच्या दुकानात नाना तऱ्हेची माणसं येतात, त्याला चारचौघांत इंग्लिश बोलावं लागतं. त्यानं पाच ओळी म्हणून पाठवाव्यात, प्रांजल त्या ऐकून पाठ करेल. तेवढाच बापाचा आवाज घरात. पल्लवीनं भाषणाचा फोटो लावला आणि फोन तोंडाजवळ धरून हळू आवाजात म्हणाली, "अहो, हे जरा नीट म्हणून पाठवा ना. तुमच्या आवाजात ऐकायचंय. लय दिवस झाले."

शेवटचं वाक्य प्रांजलच्या अभ्यासासाठी नव्हतं, हे कुणीही ओळखेल. कुणीही म्हणजे सगळ्यांनीच ओळखलं. कारण तो निरोप सूरजला गेलाच नव्हता. तो गेला 'सोनमाळ परिवार'वर.

हे पल्लवीच्या लक्षात आलं. तिनं घाईघाईनं तो पुसला. पण फोनमध्ये पुसायचे दोन प्रकार असतात, सगळ्यांसाठी आणि आपल्यापुरतं. घाईत माणूस नेहमी दुसरा दाबतो. त्यामुळं झालं असं, की काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पांगलेल्या समस्त गलाईवाल्यांना तो निरोप ऐकू येत होता, फक्त पल्लवीला येत नव्हता.

पहिला फोन आला त्रिशलाताईचा. ती वस्तीच्या दुसऱ्या टोकाला राहायची, सासू, जावा, पोरंबाळं असा भरलेला संसार, त्यामुळं तिला कधी कुणाकडं यायला उसंत नसे.

"काय वहिनी! आमच्या ह्यांचा आवाज ऐकायचा होता, तर मला सांगायचं. जत्रेला आल्यावर घोरताना ऐकवला असता!"

"अवो ताई, चुकून..."

"चुकून कसलं! त्यांनी पाठवलाय पण. बघा ग्रुपवर."

खरंच पाठवला होता. त्रिशलाताईचा नवरा जिनेश सेलमला. त्याचा आवाज आला, "वहिनी, नमस्कार. ही वर्क्कुस हार्डु, येव्हरी डे!" एकेका शब्दाच्या शेपटीला उकार बांधलेला, जसा काही शब्द सुटून पळून जाणार होता. त्यावर आसनसोलच्या नाथाजीचं उत्तर, "जिनेश, असं न्हाई रं गड्या. ही इज भेरी लाभिंग!" त्याला 'व्हेरी' काही केल्या म्हणता येईना. त्यावर लुधियानाहून अमृत खवळला. "दोगंबी चुकताय. ऐका! ही टेक्स मी टू सकूल!"

तासाभरात ग्रुप पेटला. एरवी ज्या माणसांच्या तोंडून जोडलेल्या हातांपलीकडं काही निघत नव्हतं, ती इंग्रजीवरून एकमेकांच्या उरावर बसली. कुणी म्हणालं, जिनेशनं लुंगी सोडून पॅन्ट घातली की उच्चार सुधारेल. नाथाजीनं त्या माणसाचं दहावीचं इंग्रजी काढलं. पल्लवी भाकरी थापता थापता ऐकत होती, आणि तिच्या लक्षात आलं की आज स्वयंपाकघरात एवढी माणसं आहेत की बसायला जागा नाही.

फक्त सूरजचं काही नाही. रात्रीच्या जेवणाआधी तीन शब्द आले. 'गिऱ्हाईक हाय. उद्या.'

हा तंटा शेवटी भाऊसोतात्यांच्या कट्ट्यावर गेला. भाऊसोतात्या म्हणजे अमृतचे वडील. उभी हयात लुधियानात काढली, आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दुकान पोराच्या हवाली करून परतलेले. वस्तीत मुक्कामाला असलेला पुरुष म्हणजे तेच एक, त्यामुळं सरपंच, पंच आणि वेळ पडली तर प्लंबरही तेच.

"यात भांडायचं काय कारान?" त्यांनी फोन कानाऐवजी तोंडापुढं धरून सगळ्या देशाला उद्देशून सांगितलं. "जत्रंत आपन कसं करतो? येक घर गुलाल आनतंय, येक घर नारळ, येक घर वाजंत्री सांगतंय. तसं येका घरानं येक वळ घ्यायची. कुनाचंबी मन मोडायचं न्हाई. पयली वळ माझी. मी वडील हाय, ती घराच्या वाट्यात धरायची न्हाई."

"तात्या, पण उच्चार एकसारखे..." पल्लवीनं दबकत सांगून पाहिलं.

"आवं सूनबाई, गुलाल आनि नारळ येकसारखं असतंय व्हय? तरी जत्रा व्हतीयाच की!"

या दाखल्यापुढं बी. ए. चाललं नाही. वाटणी झाली. हीरो भाऊसोतात्यांचा, लव्हिंग नाथाजीचं, स्कूल अमृतचं, हार्ड वर्क जिनेशचं. आणि शेवटची ओळ, आय लव्ह माय फादर, ती बापाची. त्यात दुमत नव्हतं. ती सूरजनंच पाठवायची.

त्या दिवसापासून संध्याकाळचा दिवा लावायला पल्लवीबरोबर प्रांजलही निघायला लागली. सुरुवात नाथाजीनं केली. "वैनी, तिला आमच्या हॉलात उभी करून म्हनायला लावा की. जरा घरात आवाज हूं द्या." मग काय, प्रत्येक घराची मागणी आली. त्या त्या बंगल्याच्या हॉलमध्ये, प्लास्टिक न काढलेल्या सोफ्यासमोर उभी राहून प्रांजल त्या त्या घरची ओळ म्हणायची. रिकाम्या हॉलात आवाज घुमायचा आणि चार प्रांजली बोलल्यासारखं वाटायचं. पल्लवी ते रेकॉर्ड करून पाठवायची. काका लोक चुका काढायचे. नाथाजीकाकांना 'लाभिंग'मधला भ आणखी भरदार पाहिजे होता. जिनेशकाका म्हणायचे, 'हार्डु'वर जोर दे.

एकदा नाथाजीनं सगळं ऐकून झाल्यावर म्हटलं, "वैनी, जाताना दार जरा जोरानं वडा. आमच्या दाराचा आवाज लय दिसांत न्हाई ऐकला."

पल्लवीनं दार जोरानं ओढलं आणि तो आवाजही पाठवला. त्यावर उत्तर आलं नाही. जोडलेले हातसुद्धा नाहीत.

सूरजकडून 'उद्या' येत होता. गिऱ्हाईक हाय, उद्या. लाईट गेलीया, उद्या. घसा बसलाय, उद्या. पल्लवी फोनवर कधी चिडली नाही. ती फक्त म्हणायची, "एकच ओळ आहे हो." तो हळू आवाजात म्हणायचा, "व्हय गं, करतो." तो फोनवर नेहमीच हळू बोलायचा. शेजारी कामगार झोपलेले असत.

मध्येच शाळेच्या ऑफिसनं खोडा घातला. गॅदरिंगच्या सर्टिफिकेटवर नाव आधार कार्डाप्रमाणंच पाहिजे. आधारवर प्रांजलचं 'प्रांजिल' झालं होतं, शाळेच्या रजिस्टरला 'प्रजंल', आणि लसीकरणाच्या कार्डावर तर कुणी 'पराजल' करून ठेवलेलं, औषधाचं नाव वाटावं असं. क्लार्कनं तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, ही तीन पोरं आहेत. यातली भाषणाला कुठली उभी राहणार?"

"एकच आहे हो ती."

"मग तसं लिहून द्या. खाली वडिलांची सही."

"ते केरळला आहेत."

"सगळ्यांचेच कुठं ना कुठं आहेत, मॅडम. सही तर लागणारच."

पल्लवीनं तिथूनच सूरजला व्हिडिओ कॉल लावला, म्हणजे क्लार्कला निदान वडील दिसतील. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. क्लार्क सौजन्यानं छताकडं बघत बसला. लोकांनी आपल्याकडं न बघणं हे बघण्यापेक्षा वाईट असतं, हे पल्लवीला त्या दिवशी समजलं. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि ताठ मानेनं भाऊसोतात्यांना घेऊन आली. तात्यांनी गुडघा धरत खुर्ची गाठली आणि लांबलचक सही ठोकली.

"मुलीशी नातं काय लिहू?" क्लार्कनं विचारलं.

तात्यांनी विचार केला. "वस्तीवाले."

"असं नातं कॉम्प्युटरमध्ये नाही."

"मग काकाच्या रकान्यात घाल. वस्तीत समदं तेच हायत."

गॅदरिंगच्या सकाळीही पल्लवीनं सूरजला फोन केला. तो म्हणाला, "दुपारपतुर पाठवतो. नक्की." तिनं प्रांजलला तसंच सांगितलं. प्रांजलला फ्रॉक घातला, गजरा माळला. फोन चार्ज करून घेतला आणि आवाज पूर्ण वाढवून ठेवला.

मंडपात बघावं तिकडं बायका आणि म्हातारी माणसं. पुरुष म्हणावेत असे मंडप घालणारे आणि साऊंडवाला. त्रिशलाताई कशी कोण जाणे उसंत काढून आली होती. म्हणाली, "सासूबाईंना सांगितलं, आमच्या ह्यांचं भाषण आहे." पल्लवीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला हरणाबाई, पुढं भाऊसोतात्या. मांडीवर फोन. दुपार टळून गेली होती. फोन गप्प होता.

प्रांजल माईकपुढं उभी राहिली. "माय फादर इज माय हीरो," ती म्हणाली आणि भाऊसोतात्यांनी शिकवल्याप्रमाणं नसलेल्या मिशीला पीळ दिला. मंडप हसला. तात्यांनी मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं, काय करताय बोला, अशा नजरेनं.

"ही इज भेरी लाभिंग."

हशा आणखी वाढला. पण मागच्या बाजूनं एक बाई पटकन म्हणाली, "आगं बया, ह्यो तर आमच्या नाथाजीचा आवाज!" ती नाथाजीची थोरली बहीण होती. मग ती हसली नाही.

"ही टेक्स मी टू सकूल." अमृतसारखं, मान उडवून. आता तात्या खाली बघून चष्मा पुसायला लागले.

"ही वर्क्कुस हार्डु, येव्हरी डे."

त्रिशलाताई खदखदून हसली. हसता हसता थांबली. "असंच म्हणतात हो," ती पल्लवीला हळूच म्हणाली, "अगदी असंच. दूध आण म्हणताना सुद्धा 'मिल्कु'." आणि तिनं पल्लवीचा हात धरला, तो सोडला नाही.

कुठं कोण बसलंय, कुणाचा माणूस कुठल्या गावी आहे, हे सगळ्यांना सगळं माहीत. पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडून सगळ्यांचे धनी एकेक करून बोलून गेले होते. आता शेवटची ओळ.

प्रांजल थांबली. तिनं आईकडं पाहिलं. पल्लवीनं ओठ हलवून सांगितलं, आय लव्ह... प्रांजलनं मान हलवली. नाही. ओळ ज्याच्या घरची त्यानंच द्यायची, असं तात्यांनी सगळ्यांसमोर ठरवलं होतं, आणि हा नियम मोडणं म्हणजे जत्रेचा नारळ आपणच खाऊन टाकण्यासारखं.

"लास्ट लाईन पप्पांची आहे," ती माईकमध्ये स्वच्छ मराठीत म्हणाली. "ते पाठवणार आहेत. थँक्यू." आणि वाकून नमस्कार करून खाली उतरली.

टाळ्या पडल्या, जोरात पडल्या. पल्लवीला त्या टाळ्यांत मान वर करता येईना. कुणी काही वाईट बोललं नव्हतं. तरी तिला वाटलं, कपाटाच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं काहीतरी कुणीतरी भर मंडपात झटकून दाखवलं. हरणाबाई पुढं बघत म्हणाल्या, "तोंड वर कर. हितं कुनाचं वेगळं न्हाई." सासू म्हणून त्यांनी तिला आजवर सांगितलेल्यातलं सगळ्यात मऊ वाक्य ते.

बक्षीस मिळालं उत्तेजनार्थ. 'प्रोनाउन्सेशन'चे गुण गेले, असं मॅडम म्हणाल्या. सर्टिफिकेटवर नाव होतं, 'प्रांजली'. म्हणजे आता चार पोरी झाल्या.

त्रिशलाताईनं भाषणाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. घरी येईपर्यंत फोन थांबायचं नाव घेईना. जिनेशनं दोनदा पाहिला, नाथाजीनं त्याहून जास्त. अमृतनं आपल्या सगळ्या कारागिरांना दाखवला. प्रांजल पायरीवर बसून एकेक आवाज ऐकत होती आणि आवाज सुरू व्हायच्या आत ओळखत होती. "हे नाथाजीकाका. हे जिनेशकाका, त्यांच्या मागं टमटम वाजते." हरणाबाई शेळीला पाणी दाखवत होत्या. पल्लवी दिव्यात तेल घालत होती.

तेवढ्यात पुन्हा एक आवाज आला. पल्लवीनं वाकून प्रांजलच्या हातातून फोन घेतला. सूरजचं नाव होतं.

तिनं काही न बोलता फोन पुन्हा प्रांजलच्या हातात दिला आणि स्वतः चौकटीला टेकून उभी राहिली.

आधी भट्टीच्या पंख्याची घरघर, मागं कुणीतरी मल्याळीत काहीतरी ओरडलं. मग तो बोलला. नेहमीसारखा हळू नाही. मोठ्यानं, छाती भरून, दुकानात चांगलं गिऱ्हाईक आल्यावर बोलत असेल तसा. "व्हेरी गुड, मोळे! सूप्पर! आय लव् माय डोटर."

मोळे म्हणजे तिकडं लेकीला म्हणतात. घरमालक आपल्या मुलीला तशी हाक मारतो, असं त्यानं एकदा सांगितलं होतं. पल्लवीनं त्याचा हा आवाज कधीच ऐकला नव्हता. चांगला होता आवाज. तिकडं रोज कुणीतरी तो ऐकत असणार.

हरणाबाईंच्या हातात बादली तशीच राहिली.

प्रांजलनं ते पुन्हा लावलं. कपाळाला आठ्या घालून, फोन कानाशी घट्ट धरून ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं. मग तिनं वर पाहिलं.

"आई, हे कुठले काका गं?"